दुसऱ्या कुणाची मदत

"आंघोळ करताना दुसऱ्या कुणाची मदत लागते का?" त्या मुलीने विचारलं आणि आमचे हे म्हणाले, "छे छे, माझं मी करतो." म्हणताना मान जराशी तिरकी केली, पाठ असलेलं उत्तर देताना शाळेतली मुलं करतात तशी. मी शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर त्यांची पिशवी, पिशवीत त्यांचा टॉवेल, जादा लेंगा, पाण्याची बाटली आणि दातांची डबी. त्याच दिवशी सकाळी मी त्यांना स्टुलावर बसवून डोक्यापासून पायापर्यंत धुतलं होतं. कानामागचा साबण गेला नाही म्हणून आणखी एक तांब्या ओतायला लावला होता, त्यांनीच. काखेतलं पाणी नीट टिपलं नाही म्हणून कुरकुर केली होती. आणि आता हा माणूस एका परक्या मुलीसमोर बसून माझं मी करतो म्हणत होता. माझ्या पोटातून जे वर आलं ते ह्यांच्या खोटेपणामुळे नव्हे. खोटं बोलले असते तर मी चिडले असते, घरी जाऊन भांडले असते, संपलं असतं. ह्यांचा खोटं बोलतानाचा चेहरा मला पाठ आहे, नाकपुड्या फुलतात. आज नाकपुड्या अगदी स्वस्थ होत्या. ह्यांना मनापासून वाटत होतं की आपली आंघोळ आपण करतो. त्या मोरीत आणखी एक माणूस असतं, वाकलेलं, ओलं झालेलं, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

मुलीचं नाव गार्गी. पांढऱ्या कोटाच्या खिशावर शिवलेलं होतं. पंचविशीतली असेल, नखं बारीक कापलेली, बोलणं मऊ. आत शिरताना मला ती आवडली होती. बोरीवलीतल्या त्या हॉस्पिटलच्या तळघरात त्यांचा विभाग आहे. रेक्झिनचे पलंग, एका पलंगावर आदल्या माणसाच्या पाठीचा घामट ठसा अजून वाळत होता. कोपऱ्यात एक लाकडी जिना. वर चढायचं, वर काही नाही, पलीकडून उतरायचं. भिंतीला एक फळी आणि तिच्यावर नळ, कडी, कुलूप, दिव्याची बटणं ठोकून बसवलेली. नळाला पाणी नाही, कडीमागे दार नाही. किती माणसांचे आजारी हात त्यावरून फिरले असतील, सगळं काळपट आणि तुळतुळीत झालं होतं. एक जाडशी बाई तो कोरडा नळ उघडत होती, बंद करत होती आणि तिची मुलगी प्रत्येक वेळी "मस्त, मम्मी" म्हणत होती. मला त्या नळाची शिसारी आली, त्या "मस्त"ची आली, खोलीभर पसरलेल्या मलमाच्या आणि पायमोज्यांच्या वासाची आली. हल्ली मला अशी कशाचीही शिसारी येते. बसमध्ये पुढच्या माणसाच्या मानेवरची पावडर दिसली तरी तोंड फिरवते. पूर्वी मी अशी नव्हते.

ह्यांचा डावा खुबा मोडला, तिथे कृत्रिम गोळा बसवला. डावं मनगट मोडलं, त्याचं प्लास्टर निघालं पण हात पालथ्याचा उताणा होत नाही. "हाडं झकास बसलीत," शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले होते, "आता माणूस कितपत कामाला येतो ते बघायला हवं. ते खालच्या मजल्यावर बघतात." आणि त्यांनीच गोरेगावच्या केंद्राचं सांगितलं. तिथे सहा आठवडे राहायचं. उठणं, बसणं, धुणं, नेसणं सगळं पुन्हा शिकवतात. जागा थोड्या. खालच्या मजल्यावरची मुलगी तपासून जे लिहील त्यावर ठरणार. उगाच आडवळणं कशाला, मला ते सहा आठवडे हवे होते. कांदिवलीला आमचा देवव्रत राहतो, त्याला मी फोनवर सांगितलं की बाबांच्या भल्याचं आहे. भल्याचं होतंही. पण मला ते माझ्यासाठी हवे होते. सहा आठवडे त्या घरात ते शरीर नसणं, एवढंच मला पाहिजे होतं.

"कपडे?" गार्गीने विचारलं. "मीच घालतो." "मोजे, बूट?" "रोज संध्याकाळी बूट घालून खाली वॉकर घेऊन फिरतो की." ते खरं होतं. बूट पायात असतात आणि ते फिरतात. "आणि संडासला जाऊन आल्यावर... स्वच्छता?" इथे तिने आवाज खाली घेतला. ह्यांनी घेतला नाही. "त्या बाबतीत मी पहिल्यापासून काटेकोर," म्हणाले. "डाव्या हाताने जमतं, काका?" "घरच्या घरी होतं सगळं." गार्गीने माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. चार लोकांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही ही सवय मला इतकी जुनी आहे की तिला आता सवय म्हणायचं की अवयव, कळत नाही. तीस-बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काम केलं, साहेबांना तोंडावर चुका दाखवल्या, युनियनच्या मिटिंगांत भांडले. घरी आल्यावर हे पाहुण्यांना म्हणत, भाजी आज मी आणली, आणि मी पोहे परतत गप्प. "तसा डावा म्हणजे नॉन-डॉमिनंट हात आहे," गार्गी स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली, "कामाचा हात शाबूत आहे, ते बरं झालं." आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली.

कामाचा हात. तिच्याही घरी डाव्या हाताला जे काम असेल तेच आमच्याकडे आहे, पण तिच्या तपासणीत लिहिणारा, जेवणारा, कुलूप उघडणारा तेवढाच हात कामाचा. हे पडले ते पार्किंगमध्ये. शेजारच्या नंदकिशोरभाईंना गाडी मागे घ्यायची होती आणि कुणी सांगितलं नसताना हे मागे उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या" करत होते. करता करता स्वतःच मागे सरत गेले आणि गटाराच्या पन्हळीत पाय गेला. गाडी व्यवस्थित लागली. हे डाव्या अंगावर पडले. प्लास्टर घालताना डॉक्टर सहज म्हणाले, महिना-दोन महिने उजव्या हाताने धुवा, नाहीतर जेट आहेच. ह्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी चपलेत वरणभात वाढलाय. उजव्या हाताने मी जेवतो, देवाला फूल वाहतो, त्या हाताने? आणि त्या फवाऱ्याने नुसतं ओलं होतं, स्वच्छ होत नाही. मग कोणत्या हाताने, हे तिथे कुणी विचारलं नाही. घरी आणल्यावर पहिल्याच सकाळी संडासातून हाक आली, "अगं, झालं." एवढंच. मी हे वर्षानुवर्षं करत आल्यासारखी ती हाक होती. मी आत गेले आणि माझा डावा हात पुढे झाला.

हे कुणाला सांगायचं नसतं. बायका सांगत नाहीत, सांगितलं तरी "करावं लागतं गं" एवढ्यावर थांबतात. मला त्याच्या पुढचं सगळं रोज आठवतं. ऊन, मऊ, सैल पडलेली कातडी. पुढे वाकून उजव्या हाताने दांडी धरलेला तो प्रचंड पांढरा पार्श्वभाग, त्यावर पावडर आणि घाम मिळून झालेल्या वळ्या. माझं तोंड भिंतीकडे. आणि हे तेवढ्यात बोलत असतात. गप्प राहत नाहीत. "काल पालक नीट शिजला नव्हता," म्हणतात. "पेपर आला का?" म्हणतात. एकदा, माझा हात तिथे असताना, मला म्हणाले, आज जरा थालीपीठ लाव. आमचा फ्लॅट नॅशनल पार्कच्या बाजूला. माकडं येतात म्हणून त्या अंगाची खिडकी कायम बंद, त्यामुळे वास कुठे जात नाही. तो बेडरूममध्ये येतो, चादरीत येतो. मी साबणाने हात धुते, मग डेटॉलने, मग लिंबाच्या सालीने, आणि मग ओट्याशी उभी राहते तेव्हा परातीत कणीक असते. कणीक मळायला दोन्ही हात लागतात. पोळी खाणं मी सोडून दिलंय. भात खाते, चमच्याने. ह्यांना काही वाटत नाही. त्याच हातांनी मळलेल्या पोळ्या हे तूप लावून चवीने खातात. स्वतःचा उजवा हात ज्यांना इतका सोवळा, त्यांना माझ्या डाव्याचं काही वाटत नाही, कारण संडासात तो त्यांचा असतो आणि स्वयंपाकघरात माझा.

खरं तर किळस हा आमच्या घरात त्यांचा मान होता. आमटीत केस निघाला की ताट सरकवायचं आणि उठायचं, मग घरभर शांतता. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी चालायचं नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं, न्हाणीघरात तुझे कपडे वाळत घालू नकोस, मला कसंतरी होतं. देवव्रत झाला तेव्हा खोलीत दुधाचा आंबूस वास येतो म्हणून हे महिनाभर हॉलमध्ये झोपले, आणि माझी आई म्हणाली, जावईबापू फार स्वच्छतेचे. सगळे असंच म्हणायचे, फार स्वच्छतेचे. मलाही त्याचा अभिमान वाटायचा, मूर्खासारखा. सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी ऑफिसला जायच्या आधी त्यांचं सगळं करायचे आणि हे दारात उभे राहायचे, नाकाला रुमाल. आत यायचे नाहीत. "झालं का?" विचारायचे. झालं म्हटलं की उदबत्ती लावून आत यायचे आणि आईच्या कपाळावर हात ठेवायचे. पुढे कुणी भेटायला आलं की सांगायचे, "आईचं आम्ही सगळं घरीच केलं. बाहेरच्या बाईला हात लावू दिला नाही." सासूबाई तेव्हा माझ्याकडे बघायच्या. त्यांनाही कळत असावं, पण त्यांचाच मुलगा. मला मात्र तेव्हा किळस वाटायला वेळच नव्हता. ऑफिस होतं, डबे होते, देवव्रतची शाळा होती. किळस वाटायलाही माणसाला थोडी उसंत लागते.

ह्यांच्यासाठी देवव्रतने ब्युरोतून माणूस पाठवला होता. राजेश. धिप्पाड, शांत, रबराचे हातमोजे घेऊन आला. ह्यांनी त्याला संडासाच्या दाराशीसुद्धा येऊ दिलं नाही. "परक्या माणसासमोर उघडं व्हायला मी काय जनावर आहे?" मग राजेश हॉलमध्ये बसून मोबाईल बघायचा आणि आतून मला हाक यायची. मी आतलं उरकून, हात धुऊन, बाहेर येऊन राजेशला चहा करून द्यायचे. दोन दिवसांनी तोच म्हणाला, "आंटी, मेरा यहाँ क्या काम है?" आणि गेला. देवव्रत म्हणाला, "आई, बाबांचा स्वभाव तुला माहितेय ना. थोडे दिवस काढ यार." यार म्हणाला. लहानपणी त्याची तापाची ओकारी मी ओंजळीत झेलली होती. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. आता हे शिंकले आणि थेंब माझ्या मनगटावर आला तरी मी ते मनगट घासत बसते. स्वतःच्या मुलाचं चालतं, सासूचं चाललं, ह्यांचं का चालत नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. वासाचा तो प्रश्न नाही. वास सगळ्यांचाच असतो.

"चला काका," गार्गी म्हणाली, "आता जरा करून दाखवा." तिने एक प्लास्टिकची मोजपट्टी काढून गुडघा, खुबा, मनगट किती वळतं ते पाहिलं. हे कण्हले नाहीत, हसत होते. मग तिने त्यांना सदरा काढायला सांगितला. उजवी बाही निघाली. डाव्या बाहीशी हे थोडे घोटाळले, आणि सदरा एकदम खांद्यावरून अलगद निघून आला. "काकू, प्लीज," गार्गी म्हणाली. "तुम्ही नाही." तेव्हा मला कळलं की मी उठून उभी आहे आणि सदरा माझ्या हातात आहे. कधी उठले, पिशवी कधी खाली ठेवली, काही आठवेना. हात आपणहून गेले होते. मला त्या हातांचीही किळस आली, दुसऱ्याच्या मालकीचे असल्यासारखे ते माझ्या मनगटांना लटकत होते. मी सदरा मांडीवर घेऊन परत बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

"आता मोजा," गार्गीने मोजा त्यांच्या हातात दिला. ह्यांनी पाय पुढे केला. खाली वाकले नाहीत, मोजा पायाकडे नेला नाही, फक्त पाय पुढे केला, माझ्या दिशेने, आणि थांबले. "काका, तुम्ही घाला." "हो, घालतोय की," हे म्हणाले, आणि पाय तसाच. मोजा उजव्या हातात, नजर माझ्यावर, चेहऱ्यावर नेहमीचा थोडा त्रासिक भाव. आपला हात अजून का आला नाही, अशा नजरेने ते वाट बघत होते. मी मांड्यांखाली बोटं घट्ट आवळली. "अगं," हे म्हणाले. मी फळीवरच्या कुलपाकडे पाहत राहिले. पुन्हा "अगं." मग त्यांनी गार्गीकडे पाहून हसण्याचा प्रयत्न केला आणि वाकले. खुबा तेवढा वाकत नाही, श्वास अडकला, मोज्याचं तोंड एका हाताने उघडेना, डाव्या हाताने धरायला गेले तर बोटं मिटेनात. अंगठ्याच्या पिवळ्या जाड नखावर मोजा एकदा अडकला आणि गळून पडला. पुन्हा अडकवला, पुन्हा पडला. नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब जमून छातीच्या पांढऱ्या केसांत पडला. आणि मला बरं वाटत होतं. लपवून काय करायचं, मला फार बरं वाटत होतं. पडू दे, मनात म्हणत होते, आणखी एकदा पडू दे, ती बघतेय तोवर पडू दे. पासष्टी उलटलेली बाई मी, अर्धनग्न म्हाताऱ्याच्या फजितीवर आतल्या आत टाळ्या पिटत होते. मग माझीच मला घाण वाटली, पण बरं वाटायचं थांबलं नाही.

"मनगट आज जरा अवघडलंय," हे धापा टाकत म्हणाले. "घरी होतं."

"घरी कसं होतं, काका?"

"होतं."

गार्गीने पेन टेबलावर ठेवलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "काकू, घरी मोजे कोण घालतं?"

"मी."

"आंघोळ?"

"मी."

"आणि संडासचं?"

"मीच."

"मग काका, तुम्ही मला सगळ्याला नाही नाही म्हणालात," तिच्या आवाजात रागापेक्षा हसूच जास्त होतं. "मी विचारलं ना, मदत लागते का?"

ह्यांना खरोखर नवल वाटलं. भुवया वर गेल्या. "तुम्ही दुसऱ्या कुणाची म्हणालात," हे म्हणाले. "ही दुसरी कोण? ही घरचीच आहे."

गार्गी हसली. कोरड्या नळापाशी उभी असलेली ती मुलगीही हसली. असं वाक्य ऐकून बायका हसतात, त्यात त्यांना काहीतरी गोड दिसतं. गार्गीने मग आधी लिहिलेलं सगळं खोडलं आणि नव्याने भरायला घेतलं, आणि भरता भरता मोठ्याने म्हणत गेली, आंघोळ परावलंबी, कपडे परावलंबी, शौच परावलंबी. एकेका शब्दागणिक माझी मान मोकळी होत गेली. मला वाटलं, झालं. सहा आठवडे. सकाळी उठायचं आणि कुठूनही हाक येणार नाही. चादरी उकळत्या पाण्यात टाकायच्या. माकडं आली तर येऊ देत, ती खिडकी उघडायची. परातीत कणीक घ्यायची, मळायची आणि एक पोळी, ऊन ऊन, उभ्यानेच खायची. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.

"आता घरी सपोर्ट काय काय आहे ते बघू," गार्गी म्हणाली. "वॉकर आहे. कमोडला उंच सीट आहे?"

"आहे," हे म्हणाले.

"बाथरूममध्ये दांडी?"

"बसवली."

"आणि काकू आहेत. छान." तिने कागदावर खूण केली. "मग मी काय करते, घरी करायचे व्यायाम लिहून देते. काकूंना पण थोडं शिकवते, काकांना कसं उचलायचं म्हणजे पाठीवर लोड येणार नाही."

"आणि गोरेगाव?" मी विचारलं.

"ते ना काकू, ज्यांच्या घरी करणारं कुणीच नाही त्यांना आधी देतात. एकटे राहतात वगैरे. वेटिंग खूप आहे. काका लकी आहेत, तुम्ही आहात."

"मी नसते तर?"

"तर लगेच लिहून दिलं असतं." ती थांबली. माझा चेहरा तिला दिसला असावा. मुलगी वाईट नव्हती. आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्हाला काही त्रास आहे का? पाठ, गुडघे, बीपी? असेल तर तसं सांगा, मी लिहू शकते." ती मला वाट करून देत होती, हे मला कळलं.

"तिला काही होत नाही," हे म्हणाले. कौतुकाने म्हणाले, शपथेवर सांगते. "खणखणीत आहे एकदम."

मी अंगभर शोधलं. पाठ दुखत नव्हती. गुडघे दुखत नव्हते. बीपी मुलींसारखं. गुडघा म्हटलं असतं तरी भागलं असतं, ती लिहायला तयार होती. पण गुडघा म्हटलं तर गुडघा बरा होईपर्यंतचीच सुटका. हे केंद्रावरून रोज फोन करून विचारणार, गुडघा कसा आहे, आता वाकतो का. आणि एक दिवस वाकतो म्हणावं लागणार. शिवाय मला कंटाळा आला होता. मघाशी घशाशी आलेलं जे मी किती वेळ गिळून बसले होते ते आता आत राहीना.

"मला ह्यांची किळस येते," मी म्हटलं.

"काय?" गार्गी म्हणाली.

"किळस. रोज धुते तेव्हा येते. धुवून झाल्यावर येते. जेवायला वाढताना येते." माझा आवाज खात्यातल्यासारखा सपाट लागला होता, मी तिथे लोकांना लाईन बंद असल्याचं सांगायचे तसा. "हात धड आहेत माझे, पाठ धड आहे. मी करू शकते. करणार नाही. उद्या सकाळी हे हाक मारतील तेव्हा मी जाणार नाही."

कोरड्या नळाचा किर्र आवाज थांबला. गार्गीच्या गालांवर लाली चढली. "म्हणजे... स्ट्रेस लिहू का, काकू? केअरगिव्हरला स्ट्रेस येतो, तसं लिहिता येतं."

"स्ट्रेस नाही. किळस."

"असं नाही लिहिता येत."

"मग घरी करणारं कुणी नाही, असं लिहा. ते खरं आहे."

तिने ह्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं नाही असं नाही. मला वाटलं होतं हे ओरडतील, डोकं फिरलंय का म्हणतील, निदान हसून वेळ मारून नेतील. हे उघड्या अंगाने बसले होते आणि पायाखाली पडलेल्या मोज्याकडे पाहत होते. तोच बहुधा गार्गीने होकार मानला. तिने मघाची खूण खोडली आणि बाजूला काहीतरी लिहिलं. "सोमवारी एक बेड रिकामा होतोय," माझ्याकडे न बघता म्हणाली. "फोन करून विचारते," आणि ती मोबाईल घेऊन बाहेर गेली. जे हवं होतं ते मिळालं होतं. मघाची भूक मात्र गेली होती.

मी सदरा त्यांच्या शेजारी पलंगावर ठेवला. ह्यांनी तो कसाबसा उजव्या हाताने खांद्यांवर ओढून घेतला, बाह्या रिकाम्याच. मग उठायचं म्हणून सवयीने उजवा हात माझ्याकडे पुढे केला, आणि पुढे केल्यावर तो तसाच हवेत राहिला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

आवाजात राग नव्हता. दुखण्याची चौकशी करावी इतक्या साधेपणाने विचारलं, आणि डोळे माझ्यावर लावून थांबले. "पडल्यापासून" म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. त्यांनाही तेवढंच ऐकायचं होतं, मला दिसत होतं. मग ते दुखण्याचं झालं असतं, हाताचं झालं असतं. सहा आठवड्यांनी हात वळायला लागला असता आणि विषय संपला असता. तो शब्द माझ्या ओठांवर तयारही होता.

"तुम्ही पडायच्या कितीतरी आधीपासून," मी म्हटलं.

त्यांनी हात मागे घेतला. पलंगाची कड धरून उठायला गेले, जमलं नाही, पुन्हा कड धरली. मी जागची हलले नाही.